पंधरा वर्षांनी गावात किती माणसं

३ जानेवारी

प्रिय मॉनिटर,

आज सकाळी कापड बेतताना आपल्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधला रविवार आठवला. नाश्त्याच्या ताटल्या मांडायची पाळी तुझी-माझी. तू दाराला लावलेली यादी बघून चौसष्ट ताटल्या उचलायचीस आणि मी म्हणायचे, "थांब गं, वर जाऊन पलंगांखालचे बूट बघून येते." ज्यांचे बूट जाग्यावर नाहीत त्या सुट्टीला घरी गेल्या. खाली येऊन मी सांगायचे, एकोणचाळीस. तू फणकारायचीस, "यादीत चौसष्ट आहेत!" मग सिस्टर त्या पंचवीस रिकाम्या ताटल्यांकडे बघत चष्मा काढून पुसायच्या. त्या रविवारी विशेष काही घडलं नव्हतं. टेबलावर ऊन, पाव भाजल्याचा वास आणि तुझे ते घडी करून दुमडलेले मोजे, एवढंच. तरी पंचेचाळीस वर्षांनी मन तिथेच जाऊन बसतं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू दोन मिनिटांत माझं म्हणणं निकालात काढतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचावं लागतं.

काम असं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला जी प्राथमिक शाळा आहे, जिचे गणवेश मी अठ्ठावीस वर्षं शिवतेय, ती येत्या उन्हाळी सुट्टीनंतर उघडणार नाही म्हणे. फाटकावर नोटीस लागली आहे. राजधानीतल्या नियोजन खात्याचा अंदाज असा, की आमच्या गावची वस्ती पंधरा वर्षांत एकतीस हजारांवरून सव्वीस हजारांवर येणार आणि सहा वर्षांतच पहिलीचे वर्ग अर्धे रिकामे पडणार. म्हणून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत बसने न्यायचं.

वस्ती कमी होणार? इथे भाड्याची खोली मिळेनाशी झाली आहे! हे गणित ज्या दिवट्यानं केलंय त्यानं आयुष्यात कधी गल्ली तरी पाहिली आहे का? गार खोलीत बसून पेन्सिल चावत असेल मेला. तू त्याच खात्यात आहेस. जरा शोधून काढ कोण आहे तो, आणि कान पकडून इकडे घेऊन ये.

माझा स्वार्थ लपवत नाही. मुलाला आता घरून काम करायची मुभा मिळाली आहे. तो, सून आणि दोघी नाती तिकडे शहरात दीड खोलीत राहतात. परवा म्हणाला, "आई, मोठीला चालत जाता येईल अशी शाळा असेल तर आम्ही सुट्टीत सामान घेऊन येतो. हमरस्ता ओलांडून बसने तिला पाठवणार नाही." आमच्या घरापासून शाळा एकशे दहा पावलांवर आहे. मी मोजली आहेत.

तुझी,
टाचणी

१२ जानेवारी

प्रिय टाचणी,

दिवट्या सापडला. मीच ती.

तो तक्ता माझा, पद्धत माझी, खालची सहीही माझी. नोटिशीवर नुसतं खात्याचं नाव असतं, म्हणून तुला कळलं नाही. खोली गार नाही, पंखा बंद पडलाय. पेन्सिल चावते हे मात्र खरं.

आता रागावून चहा सांडायच्या आधी पुढचं वाच. एकशे चाळीस लहान शहरांचा अंदाज मी दर पाच वर्षांनी काढते. शिरगणती होते दहा वर्षांतून एकदा. मधल्या काळात कोण राहायला आलं, कोण गेलं, ते मला इथून दिसत नाही. पण एक गोष्ट दिसते : जन्मांची नोंद. तरुण माणसं जिथे घर करतात तिथे दोन-तीन वर्षांत पाळणा हलतो. म्हणून मी पाळण्यांवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा अदमास घेते. वीस वर्षं ही पद्धत चुकलेली नाही. तिच्यावर धरणं बांधली गेली, बाई.

तुमच्या गावात सहा वर्षांपूर्वी चारशे वीस जन्म नोंदले गेले. मग तीनशे पासष्ट, तीनशे, दोनशे चाळीस, एकशे नव्वद. गेल्या वर्षी दीडशे. शाळा आज भरलेली दिसते, कारण आज पहिलीत येणारी मुलं त्या चारशे वीसमधली. दीडशेवाली अजून रांगत आहेत. तुला आजचा वर्ग दिसतो, मला सहा वर्षांनंतरचा.

तुझा मुलगा यावा असं मलाही वाटतं. पण आकडा कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. माझं चुकलंय असं वाटत असेल तर भावना पाठवू नकोस, मोजून काहीतरी पाठव. एप्रिलअखेर समितीची बैठक आहे. मी मे महिन्यात निवृत्त होतेय, म्हणजे हा माझा शेवटचा अहवाल.

तुझी,
मॉनिटर

२० जानेवारी

प्रिय मॉनिटर,

चहा सांडला. तुझ्या पत्रावरच सांडला, बरं झालं.

"मेला" हा शब्द मागे घेते, "दिवट्या" तसाच राहू दे.

मोजून पाठव म्हणतेस? घे. माझी मापांची वही आहे. पहिलीच्या पोरांचे किती गणवेश शिवले : चार वर्षांपूर्वी एक्केचाळीस, मग चव्वेचाळीस, बावन्न, एकाहत्तर आणि या वर्षी अठ्ठ्याऐंशी. दुप्पट! मशीनचा पट्टा दोनदा बदलला.

आणि गल्लीत कोण कोण आलंय ते ऐक. माझ्या माडीवर वेल्डर आणि त्याची बायको. शहरात एका खोलीला जे भाडं द्यायचे त्यात इथे दोन खोल्या, गच्ची आणि माझी बडबड फुकट. समोर एक बाई कानाला यंत्र लावून दिवसभर कुठल्या तरी दूरच्या लोकांना धुलाईयंत्र कसं चालवायचं ते समजावते. मांडीवर तान्हं. ते रडलं की गिऱ्हाइकाला म्हणते, "तुमच्या यंत्राचा आवाज येतोय, दार नीट लावा." पलीकडे दोन भाऊ, दोघंही सुतार, दोघांची लग्नं एकाच वर्षी. मी वेल्डरला विचारलं, "इथे का रे आलास, सिनेमा नाही, काही नाही?" तर म्हणाला, "मावशी, तिकडे सिनेमा होता, पण बघायला बसलो तर झोपायला जागा उरत नव्हती."

ही माणसं तुझ्या तक्त्यात कुठल्या ओळीत आहेत?

टाचणी

२ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

वही आवडली. इतकी, की दोन दिवस तिच्याशी भांडत बसले.

बावन्नवरून एकदम एकाहत्तर? एका वर्षात? माणसं अशी वाढत नाहीत, गिऱ्हाइकं वाढतात. तुमच्या चौकात एक म्हातारे शिंपी होते ना, तुझ्याशी कापडाच्या भावावरून भांडायचे ते? त्यांचं दुकान चालू आहे का?

दुसरं. पहिलीची मुलं मोजून माझा तक्ता खोटा ठरत नाही, हे मी आधीच लिहिलं होतं. मला पाच वर्षांखालची दाखव. समोरच्या बाईचं तान्हं एक झालं. बाकीची कुठे आहेत?

आणि रागावू नकोस, पण तू आशेनं मोजते आहेस. नातीसाठी फ्रॉक बेततानाही तू दोन इंच जास्त धरतेस, मला माहीत आहे. कापडात चालतं ते. इथे नाही.

मॉनिटर

१ मार्च

प्रिय मॉनिटर,

महिनाभर लिहिलं नाही, कारण तुझं खरं होतं आणि ते मला बोचत होतं.

शिंपीकाकांचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं. डोळे गेले त्यांचे. त्यांची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली आणि मी ती गावची वाढ म्हणून तुला पाठवली. मुद्दाम नाही गं, विसरलेच होते. आपल्या दुकानातली गर्दी माणसाला आपल्याच हाताच्या गुणाची वाटते. काकांकडे गेले, त्यांची जुनी वही मागितली. म्हणाले, "आता तरी कबूल कर, माझी कॉलर तुझ्यापेक्षा बरी बसायची." केलं कबूल. दोन्ही वह्या मिळवल्या तर एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. म्हणजे वाढ आहे, पण मुंगीच्या पावलांनी.

मग तू म्हणालीस तशी धाकटी मुलं बघायला गेले. शाळेमागे नवा शिशुवर्ग निघालाय. तिथे एप्रनची मापं घ्यायचं काम मिळवलं. अर्ध्या किमतीत करते म्हटलं, म्हणजे लगेच मिळालं! तीन-चार वर्षांची एकशे सहा मुलं आहेत. जागा नाही म्हणून सत्तर जणांना परत पाठवलं. गावात असे अजून दोन वर्ग आहेत, तिथेही रडारड तीच. सकाळभर एकेकाच्या छातीला टेप लावत होते. एकजण विचारतो, "आजी, मी किती आहे?" म्हटलं, "एकवीस." तर शेजारच्याला सांगतो, "मी एकवीस वर्षांचा झालो!"

आया मात्र वैतागलेल्या. प्रवेशाला जन्माचा दाखला हवा आणि तो आणायला बहुतेकींना शहरातल्या कचेरीत खेटे घालावे लागतात. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, वर तिथला कारकून म्हणणार उद्या या. सहाजणी मिळून गाडी करून गेल्या तर नेमका त्या दिवशी शिक्का हरवलेला. वेल्डरची बायको म्हणते, "मावशी, पोराला जन्म द्यायला जेवढा वेळ लागला नाही तेवढा कागदाला लागला." तुमच्या सरकारी खात्यांना जरा सांग की, दाखले इथेच द्या म्हणावं.

मुलानं काल पुन्हा फोन केला. तिकडे घरमालकाला मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तर हवंय, राहणार की सोडणार. मी सांगितलं, थांब जरा.

तुझी,
टाचणी

६ मार्च

टाचणी,

दाखले शहरात का? मुलं तिथे जन्मली म्हणून? सगळी? तुमच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणं होत नाहीत? कधीपासून?

इकडचं-तिकडचं काही लिहू नकोस. फक्त याचं उत्तर, उलट टपाली.

मॉ.

९ मार्च

मॉनिटर,

बाई गं, एवढी कशाला दचकलीस?

सहा वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई बदलून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. नर्सबाई एकट्या सांभाळायच्या. आधी पहिलटकरणींना शहरात पाठवू लागल्या, मग जरा कुणाचा रक्तदाब वाढला की तिला. मग लोक आपणहूनच जाऊ लागले. दोन वर्षांपूर्वी त्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली नर्सबाईंच्या गळ्यात आहे अजून, दर शनिवारी उघडून झाडून घेतात. आता इथे जन्मतात ती फक्त घाई झालेली बाळं आणि गावातल्या एकुलत्या खाजगी दवाखान्यातली.

शिशुवर्गातल्या एकशे सहापैकी किती जणांचे दाखले शहराचे, ते आज जाऊन विचारून आले. एक्क्याऐंशी.

काय झालंय, सांगशील का?

टाचणी

४ एप्रिल

प्रिय टाचणी,

सांगते. तीन आठवडे लागले, कारण आधी स्वतःला सांगायचं होतं.

जन्माची नोंद होते ती बाळ जिथे जन्मलं तिथे, आईबाप राहतात तिथे नाही. वीस वर्षांपूर्वी मी ही पद्धत बसवली तेव्हा प्रत्येक लहान गावात बाळंतपणाची सोय होती, म्हणून दोन्ही एकच होतं. मग एकेका गावातली खोली बंद होत गेली. तुमची पोरं शहराच्या नावावर चढली. शहर फुगलं, गाव आटलं. सगळं कागदावर. आकडे एकदम कोसळले असते तर मी खडबडून जागी झाले असते, पण ते पायरीपायरीनं उतरले आणि मला वाटलं, तरुण माणसं गाव सोडून चालली आहेत. प्रत्यक्षात ती सोडून जात होती एका रात्रीपुरती, आणि दोन दिवसांनी दुपट्यात गुंडाळलेलं माणूस घेऊन परत येत होती.

शहराच्या रुग्णालयाच्या नोंदीत आईचा पत्ता लिहायचा रकाना असतो. तो कुणी मोजत नाही. मी खात्यातल्या दोन मुलींना बरोबर घेऊन तिथे गेले आणि पानं उलटली. गेल्या वर्षी तुमच्या गावच्या तीनशे शहाण्णव आया. तुमचे दीडशे त्यात मिळव. पाचशे शेहेचाळीस. सहा वर्षांपूर्वी चारशे वीस होते.

हे साहेबांना दाखवलं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, स्वभावानं चांगले. म्हणाले, "मॅडम, तुमचा निरोप समारंभ ठरलाय. शांतपणे जा. पुढचा माणूस पुढच्या अहवालात दुरुस्त करील." मी म्हटलं, "पुढचा अहवाल पाच वर्षांनी." ते म्हणाले, "पण वीस वर्षांच्या कामाला शेवटी डाग कशाला?"

दोन दिवस त्यावर विचार केला. खोटं कशाला बोलू, केला. टाचणी, तुझी शिवण चुकते तेव्हा तू काय करतेस?

मॉनिटर

९ एप्रिल

प्रिय मॉनिटर,

उसवते. वरून इस्त्री फिरवली तर गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत टिकते, अंगात घातली की फाटते.

पण तुला एक सांगते आणि मनापासून सांगते. तुझं नाव खराब होणार असेल तर मुलाला मी समजावीन. तो तिकडेच राहील, मी सणावाराला जाईन. नाती काय, फोनवरही दिसतात. कॉन्व्हेंटमध्ये माझं भूगोलाचं पुस्तक हरवलं तेव्हा तू तुझं अर्धं फाडून दिलं होतंस आणि दोघींनी मार खाल्ला होता. पुन्हा माझ्यापायी मार खाऊ नकोस.

शिंपीकाका मात्र म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला लिही, उसवताना हात थरथरला तर चालतो, कात्री नको थरथरायला."

टाचणी

२८ एप्रिल

प्रिय टाचणी,

तुझं मन मोठं आहे, पण सल्ला टाकाऊ. शिंपीकाकांचा घेतला.

काल समितीची बैठक झाली. लांबलचक टेबल, अकरा माणसं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मी उभी राहिले आणि म्हटलं की अहवालातलं सदतिसावं पान चुकीचं आहे. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "चूक कुणाची, संगणकाची?" मी म्हटलं, "नाही. संगणकानं सांगितलं तेच केलं. सही माझी, तेव्हा चूकही माझीच." मागून कुणीतरी हसलं. मग त्यांनी विचारलं, "एका गावासाठी सबंध पद्धत बदलायची?" तेव्हा मी दुसरा कागद काढला. बाळंतपणाची खोली बंद झालेली अशी बारा गावं आहेत. बाराही गावांत मोठ्या शहरापेक्षा भाडी निम्म्यावर. बाराही माझ्या तक्त्यात आटत होती आणि बाराही रुग्णालयांच्या नोंदींत वाढत आहेत. खोली बंद म्हणून नोंद कमी, नोंद कमी म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून माणसं खरोखरच निघून जाणार. म्हटलं, "साहेब, अशानं माझा चुकलेला अंदाज पाच वर्षांत आपण स्वतःच खरा करून दाखवू."

तो कागद टेबलावरून अकराही जणांच्या हातून फिरला. मग अध्यक्ष म्हणाले, "नवा आकडा किती?" मी सांगितलं : पंधरा वर्षांनी शेहेचाळीस हजार. "खात्री?" म्हटलं, "हजार-दोन हजार इकडे तिकडे. पण वर जाणार, खाली नाही. याबद्दल खात्री."

शाळा बंद करण्याचा हुकूम मागे घेतला आहे, बाराही गावांचा. तुमच्या शाळेला दोन खोल्या जास्त मंजूर झाल्यात. माझ्या नावानं फाइलमध्ये एक ताशेऱ्याची ओळ पडली. वाचून बघितली, व्याकरण बरोबर आहे. निरोप समारंभ आठ तारखेला आहे तसाच. साहेब स्वतः हार आणणार म्हणतात, जरा लाजतच म्हणाले.

मी तिकडे येऊन राहीन असं तुला वाटत असेल तर तसं काही नाही. माझं सगळं इथे आहे. अंदाज करायचा आणि लांबून बघायचा, हेच मला जमतं.

या पाकिटात दुरुस्त केलेल्या पानाच्या पाच प्रती आहेत. कुणाला कुठली, ते नीट बघ.

पहिली मुख्याध्यापिकांना. भिंतीला लावू नका म्हणावं, प्रवेशाच्या फायलीत वरच ठेवा. वरिष्ठ आले की हाताशी हवी.

दुसरी नगराध्यक्षांना. त्यांच्या प्रतीला मागे आणखी एक पान जोडलंय, एवढ्या माणसांना पाण्याची टाकी किती मोठी लागेल त्याचं. ते पान आधी वाचायला सांग, नाहीतर नुसतेच पेढे वाटत सुटतील.

तिसरी नर्सबाईंना. तिच्यावर मी हातानं लिहिलं आहे, की दोन खाटा आणि एक डॉक्टर यांची शिफारस समितीपुढे गेली आहे. मंजूर झालेली नाही, हेही त्यांना सांग. खोटी आशा लावू नकोस.

चौथी शिंपीकाकांना. वाचून दाखव, आणि आकडे दोनदा वाच.

पाचवी तुझ्या सुनेला. मुलाला नको, तो नुसता खालचा आकडा बघून सामान बांधायला घेईल. सुनेला बसून सबंध वाचू दे, मरणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वजाबाकीसकट, आणि मग दोघांनी मिळून घरमालकाला काय ते कळवू दे. तिला एवढं सांग, की शेहेचाळीस हजारांत त्या चौघांना मी कुठेही धरलेलं नाही. गाव त्यांच्याशिवायही वाढणार आहे. ती आली, तर चार जास्त.

मॉनिटर